वर्षातून एकदा

‘मुलांची पुस्तके मनोरंजक असावीत आणि बोधप्रदही असावीत,’ हे वाक्य मी बालवाङ्मयाच्या तासाला इतक्या वर्षांत इतक्यांदा उच्चारले आहे, की ते खरे आहे किंवा नाही याचा विचार करायचे राहूनच गेले. परवा माझ्या आठ वर्षांच्या मुलीने तो करायला लावला.

तिच्या मामाने चिनी सणांच्या चित्रपुस्तकांचा एक गठ्ठाच आणून दिला होता. लाल रंगाला नि फटाक्यांना भिणारा ‘न्यान’ राक्षस, चंद्रावरची छांग-अ आणि तिचा ससा, या मंडळींशी तिची दुपारीच गट्टी जमली. रात्री तिने यू ली-छ्युंग यांनी लिहिलेले आणि झू छंग-ल्यांग यांनी रंगविलेले पुस्तक पुढे केले. फंग झिकाय चित्रपुस्तक पुरस्काराचा २००९ सालचा पहिला मान याच पुस्तकाला मिळाला.

गोष्ट एवढीशी. माओमाओचे वडील परगावी घरे बांधायला जातात. वर्षातून एकदा, नववर्षाच्या सणाला घरी येतात. माओमाओ आधी लांबूनच बघते. केस कापून आल्यावर कुठे ते तिला आपले बाबा वाटतात! तांदळाच्या पिठाच्या एका गोळ्यात ते नाणे दडवतात. ज्याला मिळेल तो भाग्यवान. ते माओमाओलाच मिळते. मध्ये हरवते, सापडते. आणि बाबा निघताना ती ते त्यांच्याच हातात ठेवते, पुढच्या सणाला पुन्हा गोळ्यात घालण्यासाठी.

वाचता वाचता माझा आवाज अडखळला. आमचे अण्णा मुंबईला गोदीत कामाला. गणपतीला राजापूरकडच्या घरी यायचे, गौरी गेल्या की परत निघायचे. मोदकांची उकड मळताना आई गाणे गुणगुणे, तेही तेवढ्याच दिवसांत. आणि मी? दाराआडून विचारी, “आई, हे कोण?” अण्णा लिमलेटची गोळी घेऊन हात पुढे करीत. तो हात धरण्याइतका मी धीट होईपर्यंत त्यांच्या एस.टी.ची वेळ झालेली असे.

“बाबा, तुम्ही निघताना अण्णांना काय द्यायचात?” मुलीने विचारले.

“काही नाही गं.”

अण्णांना जाऊन नऊ वर्षे झाली. या पुस्तकातला बोध कोणता, ते मला सांगता येणार नाही. यंदा वर्गात ते जुने वाक्य म्हणायचे नाही, ही गोष्टच वाचून दाखवायची, असे ठरवले आहे. आधी घरी दोन-चारदा वाचून आवाज तेवढा सरावून घ्यायला हवा.