पटाबाहेरचे पंडित

बुद्धिबळाला खेळाडू दोनच लागतात, हे झाले पुस्तकातले सत्य. प्रत्यक्षात पटाभोवती निदान सहा माणसे उकिडवी बसल्याखेरीज डावाला रंग चढत नाही. आमच्या शहापूर तालुक्यात भाताची लावणी आटोपली, बाहेर पाऊस लागून राहिला, की कोणाच्या तरी ओटीवर पट मांडला जातो. खेळणारे दोघे गप्प असतात. बोलतात ते सगळे पटाबाहेरचे पंडित! दर पाच मिनिटांनी निकाल जाहीर करणे हे त्यांचे काम. "काळ्याचं आटपलं!" "आता काय राहिलंय? हत्ती गेला की!" ज्याचा हत्ती गेला तो बिचारा मान वर न करता खेळत राहतो. अर्ध्या तासाने तोच जिंकला, की त्याच पंडितांपैकी एकजण गुडघ्यावर हात टेकून उठतो आणि म्हणतो, "मी म्हणतच होतो!"

या मंडळींचा मी पुष्कळ दिवस अभ्यास केला आहे. त्यांचे गणित साधे असते. प्यादे 1, घोडा 3, उंट 3, हत्ती 5 आणि वजीर 9. मेलेली मोहरी मोजायची, वजाबाकी करायची आणि निकाल द्यायचा. हे गणित चूक नव्हे. नवशिक्याला तेच शिकवतात. पण ते अपुरे आहे. आपल्याच प्याद्यांच्या मागे कोपऱ्यात कोंडलेला हत्ती हिशेबात 5 असतो, पण डावात तो जवळजवळ नसतोच. नांगरणीच्या दिवशी गोठ्यात बांधून ठेवलेला बैल कितीही थोराड असला, तरी त्या दिवशी शेताला त्याचा काय उपयोग? म्हणून जाणता खेळाडू आणखी काही पाहतो. राजा सुरक्षित आहे का, कोणत्या मोहऱ्याला कोणाचा जोर आहे, प्यादी एकमेकांना धरून आहेत की विस्कटली आहेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आता चाल कोणाची आहे.

बरे, ही चूक ओटीवरचे पंडितच करतात असे नाही. 1902 साली माँटे कार्लोच्या स्पर्धेत गेओर्ग मार्को नावाचा नामांकित खेळाडू फॉन पोपिएलविरुद्ध काळी मोहरी घेऊन खेळत होता. त्याचा एक उंट असा अडकला होता, की तो वाचत नाही असेच कोणालाही वाटावे. मार्कोनेही तेच मानले आणि डाव सोडून दिला. प्रत्यक्षात तो उंट थेट पांढऱ्या राजाच्या शेजारच्या घरात नेऊन ठेवण्याची एक अचाट चाल त्याच्यापाशी होती. त्या एका चालीत समोर मातेची धमकी उभी राहत होती आणि मागच्या हत्तीची वाट मोकळी होऊन पांढऱ्याचा वजीरही माऱ्यात येत होता. म्हणजे ज्या क्षणी मार्कोने हार मानली, त्या क्षणी तो जिंकत होता! त्याला प्रतिस्पर्ध्याने हरवले नाही. 'आपण हरलो' या त्याच्या समजुतीने हरवले.

आपल्या महाराष्ट्रातले ताजे उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचे. 2025 च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. दिव्या तेव्हा 19 वर्षांची, स्पर्धेत मानांकन 15 वे, आणि ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्या नावावर नव्हता. कागदावरची मोहरी मोजणाऱ्यांनी तिला अंतिम फेरीत धरलेच नसते. ती तेथवर पोचली आणि समोर आली तिच्याहून दुप्पट वयाची, अनुभवाने मुरलेली कोनेरू हंपी. पहिल्या डावात दिव्याला जिंकण्याची संधी आली होती. ती निसटली आणि डाव बरोबरीत सुटला. दुसराही बरोबरीत गेला. मग 28 जुलैला जलद डाव झाले. त्यातल्या दुसऱ्या डावात पारडे एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे झुकले, घड्याळाने घाई केली आणि अखेर हंपीने डाव सोडला. दिव्या विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली आणि त्याच विजयाने भारताची 88 वी ग्रँडमास्टरही झाली.

हे सामने पाहणाऱ्यांच्या पडद्यावर पटाशेजारी एक उभी पट्टी असते. संगणक क्षणोक्षणी हिशेब करतो आणि पट्टीचा पांढरा-काळा भाग खालीवर होतो. ती पट्टी पाहून घरबसल्या माणूस हळहळतो, "अगं, जिंकतेयस तू! दिसत कसं नाही?" दिसणार कसे? पट्टी आपल्यापुढे आहे. तिच्यापुढे फक्त पट, धडधडणारे काळीज आणि संपत आलेले घड्याळ. पट्टीने आपल्याला अधिक शहाणे केले असे मला वाटत नाही. तिने पंडितांची संख्या मात्र वाढवली.

पटाबाहेर पाहिले तर आमचा तालुकाच एक फसवा डाव आहे. तानसा, मोडकसागर, भातसा, सगळी धरणे आमच्या अंगणात. तानसा तर 1892 पासूनचे. मोहरी मोजणारा म्हणेल, पाण्याच्या बाबतीत शहापूरइतके श्रीमंत कोण? पण ते पाणी जलवाहिनीतून मुंबईला जाते आणि इथल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेला लावतात. मोहरी आमच्या घरात आहेत, त्यांना चालवणारा हात दुसऱ्याचा आहे.

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांबद्दलही पंडितांचे मत ठरलेलेच असते. बारावीनंतर मी कला शाखा घेतली, तेव्हा आमच्या आत्या अशा चेहऱ्याने भेटायला आल्या, की घरात कोणी आजारी आहे असे शेजाऱ्यांना वाटावे. मी त्यांना चहा दिला आणि इतिहास घेतला. मला त्याचे काही वाटले नाही.

पण माझ्या एका मित्राला वाटले. तो मुरबाडकडचा, रोज एसटीने यायचा. इतिहासात आमच्या सर्वांच्या पुढे. पहिल्या वर्षी इंग्रजीत राहिला, एवढेच. गावातल्या पारावर निकाल लागला, "संपलं याचं शिक्षण." घरच्यांनी तो निकाल उचलला आणि घरच्यांचा त्याने. आता तो भिवंडीला एका गोदामात माल मोजतो. त्या कामाला मी कमी लेखत नाही; कष्टाची भाकरी आहे ती. पण एक विषय राहिला तरी एटीकेटीवर दुसऱ्या वर्षाला बसता आले असते, ही साधी चाल त्याच्यापाशी होती. ती त्याला कोणी दाखवली नाही, कारण पाराने मेलेले मोहरे तेवढे मोजले. मार्कोचे नाव ऐकल्यावर मला सगळ्यात आधी आठवला तो हाच.

कोणाची बाजू वरचढ, हे सांगण्याचा मोह वाईट. सांगायचेच झाले, तर आधी चाल कोणाची आहे ते विचारावे. जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज मिळतील. मी त्याच्यासाठी एक जास्त घेणार आहे आणि निरोपही धाडला आहे : पट अजून उचललेला नाही. चाल तुझी आहे.