भात्यावरचा हात

पेटीवाल्याला त्याचा आवडता वादक विचारा. नाव सांगण्याआधी त्याची बोटं हलतात. मांडीवर नाहीतर चहाच्या कपावर एखादी जागा वाजते आणि मग नाव येतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला माणसं भरपूर आहेत. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरीशेजारी पेटी धरून बसणारे गावोगाव आहेत, संगीताच्या परीक्षांना मुलं बसवणारे शिक्षक आहेत, आणि यवतमाळच्या दुर्गोत्सवात जागरणाच्या मांडवात दोन-दोन कीबोर्ड लावून उभी राहणारी पोरं आहेत. एक अप्पा जळगावकरांचं नाव घेतो, दुसरा गोविंदराव पटवर्धनांचं, पोरं सत्यजित प्रभूंचं. प्रत्येकाची बोटं त्या-त्या वादकाची तान दाखवतात. डावा हात मात्र कुणीच हलवत नाही.

मला पेटी शिकवणारे बुवा दारव्ह्याकडचे. कुणाच्या द्रुत तानेची तारीफ निघाली की ते म्हणायचे, "बोटं तं साऱ्याईचीच चालते, बापा. भात्याचं पाह्य." तेव्हा हे मला म्हाताऱ्याचं खुसपट वाटे. आता मी आवडते वादक याच एका मापाने मोजतो.

पेटीतला पितळी सूर वाऱ्याने थरथरतो. त्याची उंची पट्टीवरचं बोट बदलत नाही; ती कारागिराने सूर घासून ठरवलेली असते. बोट फक्त दार उघडतं. स्वर लहान-मोठा करणं, त्याची सुरुवात हळुवार करणं, शेवट विरवत नेणं, हे सगळं वाऱ्याचं काम आहे. बाहेरचा भाता वारा भरतो, आतला साठवतो आणि स्प्रिंगच्या दाबाने सुरांकडे सोडतो. डाव्या हाताने धसमुसळेपणा केला की प्रत्येक झटका गाण्यात ऐकू येतो. खर्जाच्या सुराला बोलायला वारा जास्त लागतो आणि वेळही जास्त लागतो. नर-मादीच्या जोडसुराची पेटी असेल तर खर्च आणखी वाढतो. हा हिशेब हात मनातल्या मनात करत असतो.

पॅरिसच्या अलेक्झांडर दबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा वारा पायाने भरायचा होता आणि दोन्ही हात पट्ट्यांवर होते. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून वाजवण्याजोगी केली. बैठकीत पाय दुमडलेले, म्हणून वाऱ्याचं काम डाव्या हाताकडे आलं. आपण एक हात गमावला असं पियानोवाल्याला वाटेल. पण गायकाच्या शेजारी बसणाऱ्याला एका हाताने रागाचा मार्ग धरायचा असतो आणि दुसऱ्याने त्याचा श्वास. ही वाटणी मला सोयीची वाटते.

गोविंदराव टेंबे यांनी या पेटीला एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. 'मानापमान'ला १९११ मध्ये त्यांनीच चाली दिल्या आणि 'अयोध्येचा राजा' या चित्रपटात नायकाचं कामही केलं. एवढं होऊनही १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, ती ठोकळेबाज आहे, असे आक्षेप होते. रवींद्रनाथांनाही ती खपत नसे. ही बंदी सुमारे तीन दशकं टिकली. आक्षेप पट्ट्यांपुरता खोटा नव्हता. षड्जावरून पंचमापर्यंत घसरत जाणं पेटीला जमत नाही. पण घसरण्याचा भास करता येतो, आणि तो भात्यावर होतो: निघताना वारा किंचित आवरायचा, मधले स्वर स्पर्शापुरते उघडायचे, पोचल्यावर वारा भरायचा.

हे कानाला पटवून दिलं अप्पा जळगावकरांनी. आमच्या शेजारच्या मराठवाड्यातले, जालन्याकडचे. जन्म १९२२ चा. भीमसेन जोशींपासून किशोरी आमोणकरांपर्यंत एकमेकांशी न जुळणाऱ्या गळ्यांना त्यांनी साथ केली. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना मी गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त पेटीच्या आवाजाची पातळी ऐकतो. गायक दम घेतो तेव्हा पेटी मोठी होत नाही; सुटलेला स्वर त्याच वजनाने धरून ठेवते. गायक परतला की ती खाली उतरते. बहुतेक साथीदार नेमकं उलट करतात, कारण मोकळी जागा मिळाली की हात शिवशिवतो. अप्पा २००९ मध्ये गेले. त्यांच्या ताना उचलणारे पुष्कळ भेटतात, ही पातळी उचलणारे फार थोडे.

गोविंदराव पटवर्धनांची गोष्ट निराळी. पेटीइतकाच त्यांचा ऑर्गन गाजला आणि ऑर्गनमध्ये वारा पुन्हा पायाकडे जातो. संगीत नाटकाच्या थिएटरात तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत भरून राहायचा. पाय एका लयीत चालू ठेवून छोटा गंधर्वांसारख्या गायकाची लहर सांभाळायची, म्हणजे अंगात दोन लयी नांदवायच्या. गोविंदरावांच्या ऑर्गनमध्ये ही ओढाताण मला कुठेच ऐकू येत नाही. ऑर्गनच्या या विद्येतलं दुसरं मोठं नाव तुळशीदास बोरकर. गोव्यातल्या बोरीचे, पी. मधुकरांचे शिष्य. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या पेटीत स्वर लागतानाचा कोपरा गोल असतो.

विदर्भाचं म्हणून एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही: नागपूरचे मनोहर चिमोटे. भीष्मदेव वेदींचे शिष्य. त्यांनी पेटीला स्वरमंडळ जोडलं, तिला संवादिनी म्हटलं आणि साथीपेक्षा एकल वादनाला आयुष्य दिलं. भाता थांबला की साठलेला वारा सरताच पेटी मुकी होते. स्वरमंडळाच्या तारा त्यानंतरही झंकारत राहतात. वाऱ्याच्या वाद्याची नड त्यांनी तारांनी भरून काढली. वादकाने आपल्या वाद्याची उणीव एवढी नेमकी ओळखावी, याचं मला अप्रूप आहे.

पेटीवाल्यांच्या यादीत केरसी लॉर्ड सहसा नसतात. माझ्या यादीत आहेत. 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना'चं अकॉर्डियन त्यांचं. अकॉर्डियनचा भाता म्हणजे अख्खा डावा दंड. उघडताना आणि मिटताना दोन्ही वेळा आवाज येतो आणि दिशा कुठे बदलायची हे आधी ठरवावं लागतं. पुढे हेच केरसी सिंथेसायझरकडे वळले. भाता माहीत असलेला हात विजेच्या वाद्यावर गेला, म्हणून त्यांचा सूर कोरडा वाटत नाही, असं माझं मत आहे.

आमच्याकडच्या पोरांचा प्रवास उलटा आहे. ती थेट कीबोर्डवर येतात. वारा विजेच्या बोर्डातून येतो, कधी संपत नाही. संपतो तो भारनियमनात, आणि मग गावातल्या भजनाला माझी जुनी पेटी निघते. डावा हात रिकामा राहिला की तो कॉर्ड धरतो. त्याबद्दल तक्रार नाही, भक्तिगीताला ते शोभतंही. पण कीबोर्डच्या डाव्या कडेला सूर वाकवायचं एक चाक असतं. सत्यजित प्रभू बासरी किंवा शहनाई कीबोर्डवर उभी करतात तेव्हा मी त्या चाकाचं काम ऐकतो. पेटीवर बंदी घालताना जी मींड मागितली होती, ती या डाव्या हातात आहे. फक्त ते चाक झटकून चालत नाही. भात्याइतकाच संथ हात त्याला लागतो. जागरणातल्या पोरांना मी एवढंच सांगतो.

हयात असलेल्यांची यादी आज लांब आहे आणि त्याचा आनंद आहे. गणितात डॉक्टरेट मिळवलेले अरविंद थत्ते, बोरकरांकडे शिकलेले सुधीर नायक आणि सीमा शिरोडकर, सुयोग कुंडलकर, तरुण तन्मय देवचके. डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी करून जुन्या आक्षेपाला थेट उत्तर दिलं. यवतमाळात बसून मोबाइलवर या सगळ्यांना ऐकता येतं, बुवांच्या काळी ते शक्य नव्हतं. फक्त बऱ्याच व्हिडिओंत कॅमेरा उजव्या बोटांवर जातो आणि भाता चौकटीबाहेर राहतो. मैफलीत उलट असतं. तिथे पेटीची पाठ श्रोत्यांकडे, बोटं झाकलेली आणि भाता समोर. शिकायचं असेल तर मैफलीत बसावं, तेही भात्याच्या बाजूला.

सर्वांत आवडता कोण, असं पोरं मला विचारतात. माझं उत्तर दर काही वर्षांनी बदलतं, आणि ते बदलावं असंच मला वाटतं. माझ्या हाताला जे जमत नाही ते ज्याच्याकडे सहज आहे, तो त्या काळापुरता आवडता. ख्यालाच्या साथीत अडलो होतो तेव्हा अप्पा होते. एकट्याने वाजवायचं धाडस हवं होतं तेव्हा चिमोटे. सध्या ठुमरीच्या साथीत माझा स्वर लागताना टोचतो, म्हणून यंदा बोरकर. तो कोपरा गोल झाला की दुसरं नाव सांगेन.