राममोहनांच्या वास्तूतील पोलिस संग्रहालय

कोलकात्यास जाणारा मराठी प्रवासी दक्षिणेश्वर पाहतो, बेलूर मठ पाहतो, व्हिक्टोरिया स्मारकाच्या हिरवळीवर घटकाभर विसावतो आणि परतीच्या गाडीत बसतो. आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावरील ११३ क्रमांकाच्या वास्तूकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. तेथे कोलकाता पोलिसांचे संग्रहालय आहे. १९९६ साली ते सुरू झाले.

ही वास्तू मुळात राजा राममोहन राय यांची. १८२३ साली वृत्तपत्रांवर निर्बंध आले, तेव्हा निषेध म्हणून स्वतःचे फारसी पत्र बंद करणाऱ्या या पुरुषाच्या घरात पुढे पोलिसांचा संग्रह मांडला जावा, हा योगायोग मोठा मार्मिक खरा!

येथील सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे एक पुस्तक. हर्बर्ट ब्रूम या विधिपंडिताचा हा जाडजूड कायदेग्रंथ. त्याची मधली पाने चौकोनी कोरून त्या पोकळीत कोकोचा डबा बसविलेला होता आणि डब्यात पिक्रिक अ‍ॅसिड होते. ग्रंथ उघडताच स्फोट व्हावा, अशी योजना होती. कलकत्त्याचा मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट किंग्जफर्ड याने सुशील सेन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला फटक्यांची शिक्षा फर्माविली होती. १९०८ च्या आरंभी हा ग्रंथ त्याच्याकडे पोचता करण्यात आला. कोणी तरी नेलेले पुस्तक परत आले असावे, अशा समजुतीने त्याने ते न उघडताच ठेवून दिले. वाचनाचा आळसही कधी कधी माणसाला तारतो!

हा बॉम्ब हेमचंद्र कानुनगो यांनी तयार केला. त्यासाठी ते पॅरिसला जाऊन शिकून आले होते, आणि तेथे त्यांच्यासोबत आपले पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच पुढचे सेनापती बापट, होते.

ग्रंथाचा डाव फसल्यावर ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्डची समजून एका घोडागाडीवर बॉम्ब टाकला. आत केनेडी मायलेकी होत्या. त्या दोघी प्राणास मुकल्या. चाकींनी स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि ११ ऑगस्टला अठरा वर्षांचे खुदीराम फासावर गेले. या घटनेवर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांबद्दल २२ जुलै रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांची रवानगी मंडालेस झाली. त्या पेटीसमोर उभे राहिले असता मराठी मनाला हे सारे आठवल्यावाचून राहत नाही. त्या दोन निरपराध स्त्रियाही आठवाव्यात. त्यांना वगळून ही कहाणी सांगणे सोपे असले, तरी ते खरे नव्हे.

पुढे माउझर पिस्तुले दिसतात. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा कंपनीचा शस्त्रांचा माल जकातघरातून सात बैलगाड्यांवर निघाला. सहा गाड्या गोदामात पोचल्या. सातवी कोठे गेली, हे कंपनीला उमगेपर्यंत ५० पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांच्या हाती पडली होती. कंपनीचाच एक कारकून या कटात सामील होता.

वस्तुतः आरोपींना शिक्षा व्हावी म्हणून पोलिसांनी हा पुरावा जमा केला. ज्यांनी ही शस्त्रे जवळ बाळगली त्यांना ती जपून ठेवणे शक्य नव्हते. जप्त करणाऱ्यांच्या दप्तरशिस्तीमुळेच ती आपल्यापर्यंत आली. इंग्रजी अमदानीत ज्यांवर ‘मुद्देमाल’ अशी नोंद होती, त्याच वस्तू पाहावयास आज लोक येतात.

मात्र दप्तर परके राज्य गेल्याबरोबर मिटले नाही. १८ सप्टेंबर २०१५ रोजी पश्चिम बंगाल सरकारने नेताजींविषयीच्या ६४ फायली खुल्या केल्या, त्या याच वास्तूत. स्वातंत्र्यानंतरही बोस कुटुंबावर पाळत होती, त्यांची पत्रे वाचली जात होती, हे त्या कागदांतून उघड झाले. शेजारच्या दालनांत गोऱ्या अंमलदारांची पाळत पाहून आलेल्या माणसाला हे कागद वाचताना आवाज चढवता येत नाही.