आंघुळीचं काय?

कॅम्पर व्हॅन म्हटलं की लोक आधी पलंग कसा उघडतो ते विचारतात. मग गॅस कुठे ठेवता, मोबाइल कुठे चार्ज करता, आणि शेवटी आपला राष्ट्रीय प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" आमच्या आईचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच. "आंघुळीचं काय?"

या एका प्रश्नावर तिचा सत्तर वर्षांचा प्रवास अडलेला होता. वडील ट्रकवर ड्रायव्हर. कागल म्हणजे पुणे-बंगळूर हायवेवरचं गाव, दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी आणि कर्नाटक. वडिलांना तो रस्ता पाठ. चार-चार दिवस घराबाहेर असायचे, पण आंघोळ कधी चुकली नाही. ढाब्याच्या हौदावर टॉवेल गुंडाळून उभं राहायचं, मगाने पाणी घ्यायचं, दहा मिनिटांत काम खलास. आई मात्र त्या ट्रकात कधी बसली नाही. लग्नाला जायचं तर संध्याकाळच्या आत परत. मुक्काम नको. पुढे मी नोकरीला लागलो, गाडी घेतली, गोवा म्हणालो, हम्पी म्हणालो... उत्तर तेच.

लहानपणी मला हा हट्ट वाटायचा. पण पारोसं राहणं म्हणजे नुसतं अंग न धुतलेलं असणं नव्हे. पारोशाने चुलीला हात लावायचा नाही, देवाला शिवायचं नाही, आणि आईच्या हिशेबात चहासुद्धा घ्यायचा नाही. सगळा दिवस त्या बादलीच्या पलीकडे उभा असतो.

तर झालं असं, की एका मित्राने जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेतली. (आरटीओची नोंद वगैरे रीतसर. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख त्यानेच लिहावा.) वडील गेल्यानंतरच्या डिसेंबरात मी ती आठ दिवसांसाठी मागितली आणि आईला म्हटलं, "आंघोळीचं मी बघतो. तू फक्त बस."

आता बघतो म्हटल्यावर बघणं आलं. पंधरा लिटरची बादली धरा. डिसेंबरात पाणी वीस अंशांचं, अंगावर घ्यायला हवं एक्केचाळीस-बेचाळीसचं. म्हणजे साधारण ३३० किलोकॅलरी उष्णता, विजेच्या भाषेत ०.३८ युनिट. गाडीतली १२ व्होल्टची १०० ॲम्पियर-अवरची बॅटरी सगळी मिळून १.२ युनिटची, आणि साधी लेड-ॲसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरावी. म्हणजे एका माणसाच्या आंघोळीत निम्म्याहून जास्त बॅटरी साफ. वीज बाद. गॅसचं गणित मात्र सुरेख येतं. निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तरी एका बादलीला साठ ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमध्ये ऐंशी आंघोळी!

बरं, सगळी बादली तापवायची गरजच नसते. चार लिटर पाणी उकळायचं आणि त्यात अकरा लिटर विसण घालायचं, झालं. हे विसण आमच्या घरात बंबामुळे सगळ्यांच्या हाताला बसलेलं. तांब्याचा बंब, मधे निखाऱ्याची नळी, भोवती पाणी. वरून जेवढं गार ओताल तेवढं कढत तोटीतून बाहेर. चिपाडं, नारळाच्या शेंड्या, मक्याची बुरकुंडं, काहीही चालायचं त्याला. तसं जातिवंत यंत्र मी पुन्हा पाहिलं नाही.

मित्राने टपावर काळा रंग दिलेला चार इंची पाइपही बसवला होता. अडीच मीटर लांब, वीस लिटर पाणी मावतं. उन्हात उभी केली की दुपारी चारपर्यंत मस्त कोमट. पण रात्रीत ते पुन्हा गार होतं, आणि आई आंघोळ करते पहाटे पाचला. त्यामुळे तो पाइप माझ्या वाट्याला आला.

असो. मुरगूड, राधानगरी करत पहिला मुक्काम दाजीपूरच्या अलीकडे पडला. पहाटे मी उठलो, गॅस पेटवला. (मी पारोसा. पण पारोशाने तापवलेलं पाणी चालतं, असा निकाल तिने आदल्या रात्रीच दिला होता.) बादलीत विसण घातलं, व्हॅनचे मागचे दोन्ही दरवाजे उघडून त्यांना पडदा बांधला, खाली फळी टाकली. वाफा निघत होत्या. मी अगदी विजयी चेहऱ्याने म्हटलं, "घे!"

आईने पडद्याकडे पाहिलं. वाऱ्याने तो फुगत होता. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा उजेड पडद्यातून आरपार. ती म्हणाली, "कडत पाणी कुटंबी मिळंल रं. आडोसा कुटाय?"

त्या सकाळी तिने हातपाय धुतले आणि दहा वाजेपर्यंत चहा घेतला नाही.

पुढच्या आठ दिवसांत मी गरम पाणी शोधलंच नाही, कडी शोधली. आतून लागणारी कडी. आणि गंमत म्हणजे ज्या रस्त्यावर वडिलांना दर दहा मैलांवर आंघोळ मिळायची, तसल्या रस्त्यावर तिला मिळेना. सरकारी तेल कंपन्यांनी काही पंपांवर 'अपना घर' काढलंय, पलंग आहे, न्हाणीघर आहे, पण ते ट्रकचालकांसाठी. राज्याचं २०२१ सालचं कॅराव्हॅन धोरण आहे, त्यात पार्क आहेत, पाणी, स्वच्छतागृह सगळं आहे. आमच्या वाटेवर त्यातलं काही लागलं नाही. एका लॉजवाल्याने तासाभराच्या खोलीचे पूर्ण दिवसाचे पैसे घेतले, आणि कडी? तुटकी. सर्वांत चांगली सोय झाली ती फोंडाघाट उतरल्यावर एका घरी. आई स्वतः उतरली, परड्यातल्या बाईशी दोन मिनिटं बोलली आणि आत गेली. पाऊण तासाने बाहेर आली ती वेणी घालून, चहा पिऊन, वर पिशवीत चार कोकमं घेऊन. पुरुषाला हे जमणार नाही. मी नुसता दारात उभा राहिलो असतो तरी कुत्रं अंगावर आलं असतं.

मग कणकवलीवरून राजापूर. तिथे जवळच उन्हाळे गावात गरम पाण्याचा झरा आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, अरवली, तुरळ, राजापूर अशी कोकणात या झऱ्यांची रांगच आहे. ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. ना गॅस, ना बॅटरी. आम्ही अंधारातच पोचलो, चिटपाखरू नव्हतं. आई लुगड्यासकट पाण्याखाली बसली आणि मी रस्त्याकडे तोंड करून पहारा दिला. चाळीस मिनिटं! मधे एकदा आतून आवाज आला, "विसण लागत न्हाई बग." सत्तर वर्षांत ती घराबाहेर इतका वेळ एकटी आनंदात बसलेली मी पाहिली नव्हती.

परत आलो तेव्हा कागलात ऊसतोडीचा हंगाम भरात होता. आमच्या शेताजवळ टोळी उतरलेली, बीडकडची. पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या खोप्या. पहाटे चारच्या आधी तीन दगडांवर पाणी चढतं. जळण पाहिजे तेवढं, पाचटाला काय तोटा? म्हणजे कढत पाणी आहेच. आणि आडोसा म्हणजे दोन बांबूंना बांधलेली साडी, तीही अंधार आहे तोवर. गेली कित्येक वर्षं हंगामात मी त्या रस्त्याने येतो-जातो. व्हॅनमधल्या आठ दिवसांनंतर ते बांबू दिसले.

आईने मला काही सांगितलं नाही. गवंड्यालाच बोलावलं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला लागून चार बाय पाचची न्हाणी, पत्र्याचं दार, आतून कडी. पाणी बाहेर उसाच्या सरीला सोडलं. टोळीतल्या बायका आधी येईनात, मग दोघी आल्या, मग रांग लागली. आठवड्याने त्यातल्या एकीने आईला विचारलं, आत कपडे अडकवायला एक खिळा ठोकून मिळेल का?

मी दोन ठोकले.