बर्फांतलें दुसरें घर

सुट्टीसाठीं दुसरें घर असावें, ही हौस आपल्या सुशिक्षित कुटुंबांना नवी नाहीं. पूर्वीं ती लोणावळें किंवा महाबळेश्वर येथें भागत असे. आतां मुलें नोकरीनिमित्त जेथें जेथें गेलीं, तेथें तेथें ती त्यांच्या पाठोपाठ गेली आहे. आमचे थोरले चिरंजीव बारा वर्षांपासून झूरिच येथें असतात. गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों असतां त्यांनीं कागदांची एक चवड माझ्यापुढें ठेविली. डोंगरांत एक लहानसें घर घ्यावें. मुलांना बर्फावर फळ्यांनीं घसरण्याचा, म्हणजे स्कीचा, नाद लागलेलाच आहे. भावंडेंही इकडून येऊन राहतील, असा त्यांचा बेत होता. गांवें तीन, एकमेकांच्या शेजारचीं. "नाना, तुम्ही पाहून सांगा," असें ते म्हणाले. ज्याचीं छत्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलीं, त्याला याहून आवडतें काम कोणतें असणार?

ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन आणि म्यूरेन हीं तीं गांवें. बर्न प्रांतांत आयगर, म्योंख व युंगफ्राउ अशीं तीन शिखरें ओळीनें उभीं आहेत, त्यांच्या आसमंतांत हीं वसलीं आहेत. ग्रिंडेलवाल्डची उंची १,०३४ मीटर, वेंगेनची १,२७४ आणि म्यूरेनची सुमारें १,६४०. आपल्या मापानें सांगावयाचें तर वेंगेन हें महाबळेश्वराहूनही किंचित् खालीं आणि म्यूरेन म्हणजे कळसूबाईचें शिखर! परंतु विषुववृत्तापासून तीं इतकीं दूर आहेत कीं, आपण जेथें स्ट्रॉबेरी पिकवितों त्या उंचीवर तेथें घरें बर्फांत रुतलेलीं असतात.

आतां घसरण्याच्या उतारांची तुलना. जाहिरातींत सारा डांगोरा त्यांचाच असतो. पण ग्रिंडेलवाल्ड आणि वेंगेन हीं एकाच खिंडीच्या दोन अंगांस आहेत. क्लाइने शायडेग ही ती खिंड, २,०६१ मीटर उंच. दांत्यांच्या रुळांवरून चढणारी आगगाडी १८९३ सालापासून तेथें जाते. म्हणजे दोन्ही गांवांचे मुख्य उतार तेच! म्यूरेनचे उतार दरीपलीकडच्या डोंगरावर, शिल्टहॉर्न शिखराखालीं आहेत. परंतु तिन्हींकडे चालेल असें तिकीट मिळतें. तेव्हां ज्या गोष्टीसाठीं घर घ्यावयाचें, ती गोष्ट कोणतें घर घ्यावें हें मुळींच सांगत नाहीं. हें ऐकून नातवंडें हिरमुसलीं.

ग्रिंडेलवाल्डला मोटार थेट दारापर्यंत जाते. डिसेंबर २०२० पासून तेथून एक नवी दोरवाहिनी पंधरा मिनिटांत आयगरच्या हिमनदीपाशीं पोंचविते, आणि तेथून १९१२ सालीं पुरी झालेली प्रसिद्ध रेल्वे बोगद्यांतून ३,४५४ मीटरांवरील युंगफ्राउयोखला नेते. त्यामुळें स्थानकाभोंवतीं जत्रेसारखी गर्दी. तींत मला शुद्ध पुणेरी मराठींतील दोन भांडणेंही ऐकावयास मिळालीं. सोय उत्तम, दुकानें उत्तम. पण गांवाच्या खालच्या भागांत आयगरची सावली पडलेली होती, आणि दोन प्रहरीं सुद्धां अंगांतली हुडहुडी जाईना. शिवाय तिन्हींत हेंच सर्वांत सखल. हिवाळे ऊन होत चालले आहेत आणि बर्फाची रेषा वर सरकत आहे; खालच्या उतारांवर यंत्रांनीं बर्फ फवारावें लागतें. वीस वर्षांचा विचार करून घर घेणारानें हें मनांत आणलें पाहिजे.

म्यूरेन मला फार आवडलें. कड्याच्या अगदीं कांठावरचें गांव, मोटार नाहीं, समोर सारी हिमरांग. आर्नल्ड लन नांवाच्या इंग्रजानें १९२२ सालीं येथेंच निशाणांमधून वळणें घेत उतरण्याची आधुनिक शर्यत भरविली, आणि १९२४ सालीं येथेंच 'कंदाहार' नांवाची स्की-मंडळी स्थापन झाली. हा लन जन्मला १८८८ सालीं आपल्या मद्रासेंत. आणि 'कंदाहार' हें नांव अफगाण युद्धांतल्या लॉर्ड रॉबर्ट्सच्या पदवीवरून आलेलें! इतिहासाच्या तासाला मुलांकडून घोकून घेतलेलें नांव आल्प्स पर्वतांत असें भेटावें, याचें मला मोठें कौतुक वाटलें. दरींतून तेथें चढणारी नवी दोरवाहिनी २०२४ च्या डिसेंबरांत सुरू झाली. तिचा चढ जगांतील अशा वाहिन्यांत सर्वांत तीव्र आहे. आम्ही तींतून गेलों तेव्हां मी डोळे मिटले नव्हते, एवढेंच सांगतों. पण सौभाग्यवतींनीं वर पोंचतांच चिरंजीवांना विचारलें, "रात्रीं यांच्या छातींत दुखलें आणि वारा सुटला असला, तर?" रुग्णालय खालीं इंटरलाकेनकडे. वारा फार असला तर दोरवाहिनी थांबते. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत.

त्याच संध्याकाळीं मी एकटाच वरच्या आळीनें हिंडून आलों. जानेवारीचा मध्य, आठवड्यांतला मधला वार. वाटेंत सव्वीस घरें मोजलीं, दिवा होता सातांत. बाकीच्यांच्या खिडक्यांना फळ्या लावलेल्या, दारापुढचें बर्फ कोणाच्या पावलांनीं मोडलेलें नाहीं. अशा घरांना त्या देशांत 'थंड बिछाने' असें म्हणतात. त्यांचा इतका सुळसुळाट झाला कीं, ११ मार्च २०१२ रोजीं तेथील मतदारांनीं शेकडा ५०.६ मतांनीं कौल दिला: ज्या गांवच्या हद्दींत अशीं घरें शेकडा वीसांहून अधिक, तेथें सुट्टीसाठीं नवें घर बांधावयाचें नाहीं. हीं तिन्ही गांवें त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेलीं. तेव्हां घ्यावयाचें तर त्यापूर्वींचेंच घर, आणि त्याची किंमत मालक सांगेल ती. परदेशीयांसाठीं १९८३ चा आणखी एक कडक कायदा आहे. चिरंजीवांना कायम वास्तव्याचा परवाना असल्यामुळें तो त्यांना आड येत नाहीं.

परंतु थंड बिछाने पाहण्यास मला स्वित्झर्लंडास जाण्याचें कारण नव्हतें. गुहागरजवळचें आमचें वडिलोपार्जित घर वर्षांतून दोनदां, गणपतींत आणि मे महिन्यांत, उघडतें. आमच्या आळींतलीं चौदांपैकीं नऊ घरें तशींच. दर वैशाखांत कौलें शाकारावीं लागतात. एक वर्ष चुकलें कीं पाणी माळ्यांत, दुसरें चुकलें कीं वाळवी तुळईंत. तिन्हीसांजेला तुळशीपाशीं पणती लावावयास शेजारच्या काकू आहेत म्हणून तें घर उभें आहे; त्या आतां ब्याऐंशी वर्षांच्या झाल्या. तिकडे बर्फ, इकडे पाऊस. तिकडे नळांतलें पाणी गोठूं नये म्हणून रिकामें घर ऊन ठेवावें लागतें, छपरावरचें ओझें कोणीतरी उतरवावें लागतें. वैयाकरण 'गृह' हा शब्द धरणें या अर्थाच्या ग्रह् धातूपासून साधितात. वर्गांत हें शिकवितांना घर माणसाला धरतें, असेंच मी सांगत आलों. घरालाही कोणीतरी धरावें लागतें, हा त्याचा दुसरा भाग होय. चिरंजीवांना मी एवढेंच विचारलें, "अकरा महिने तेथें दिवा कोण लावणार?"

वेंगेनचा निकाल मीं मुद्दाम शेवटीं ठेविला आहे. तेथेंही मोटार नाहीं. पण दरींतून आगगाडी पंधरा मिनिटांच्या आंत येते आणि ती वाऱ्याला सहसा भीत नाहीं. गांव पश्चिमेकडे तोंड करून उन्हांत बसलेलें. रस्त्यांत वाहनांची भीति नसल्यामुळें सौभाग्यवती काठी टेंकीत एकट्या दुकानापर्यंत जाऊन दूध घेऊन आल्या. भाषेचा एक शब्द येत नसतां! दुकानदारीणबाईनें दुसऱ्या दिवशीं त्यांना ओळखलें. माझें मत मीं तेथल्या तेथें दिलें: घ्यावयाचेंच तर वेंगेन, परंतु आधीं चार हिवाळे भाड्यानें राहून पाहावें, आणि वर्षांतून खरोखर किती दिवस राहणें होतें तें सूनबाईंनीं वहींत लिहून ठेवावें.

सूनबाईंना हें पटलें. चिरंजीवांना अर्धें पटलें असावें. विक्रीच्या घरांचे कागद त्यांनीं टाकून दिलेले नाहींत, कपाटांत ठेविले आहेत. येत्या माघांत वेंगेनला दोन खोल्या तीन आठवड्यांसाठीं ठरविल्या आहेत. त्यानंतर वैशाखांत गुहागरच्या माळ्याचे वासे बदलावयाचे आहेत. त्यासाठीं नातवंडांना घेऊन इकडे येण्याचें चिरंजीवांनीं कबूल केलें आहे, आणि सुतारास इसाराचे पैसेही पाठविले आहेत.