चार भावंडांचं म्हातारपण

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात चार भावंडं: थोरले आबा, मधले तात्या, धाकटे नाना आणि ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतलेली आक्काआत्या. पेन्शन म्हणजे काय, हे आम्हा चुलतभावंडांना या चौघांच्या म्हातारपणानं शिकवलं.

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. नोव्हेंबर लागला की इस्त्रीचा सदरा घालून हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचे. ते वारल्यावर काकूला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं.

तात्या मुंबईत लालबागच्या कापड गिरणीत. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तात्या गावी आले ते कायमचेच. फंडाचे पैसे ताईच्या लग्नात आणि विहिरीत गेले. कामगारांना दरमहा पेन्शन देणारी योजना आली 1995 साली. तोवर तात्यांची नोकरी इतिहासजमा झाली होती.

आबा मशीद बंदरच्या दाणाबंदरात पोती वाहायचे. हमालांना, म्हणजे माथाडींना, संघटित करणाऱ्या अण्णासाहेब पाटलांचं नाव निघालं की हात जोडायचे, आणि ते योग्यच होतं. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्याचा माल, दुपारी त्या गाळ्याचा. मग त्याचा फंड भरायचा कुणी? 1969च्या माथाडी कायद्यानं यावर तोड काढली. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावर लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची. टोळीतल्या प्रत्येकाचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी मंडळानं पाहायचं. अंगठा उठवणाऱ्या आमच्या आबांना ग्रॅच्युइटी मिळाली, ती या कायद्यामुळे. महाराष्ट्रानं केलेल्या मोठ्या कामांत मी हे फार वर धरतो.

आणि आक्का? चौघांत सगळ्यात जास्त तीच राबली. 1972च्या दुष्काळात खडी फोडली, पुढं जन्मभर लोकांच्या रानात भांगलण केली. वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला काढून, खेटे घालून, म्हातारपणी श्रावणबाळ योजनेत नाव लागलं. आधी महिना सहाशे, मग हजार, 2023ला दीड हजार. कधी दोन-दोन महिने खात्यात काही यायचं नाही. आलं की रक्तदाबाच्या गोळ्या, चहापत्ती, आणि नातवंडांच्या हातावर दहाची नोट. ‘‘ह्ये माझं हाय, कुणाला मागितल्यालं न्हाय,’’ म्हणायची. दीड हजारांनी महिना निघत नव्हता, पण त्या पैशानं तिची मान ताठ होती.

आमचा एक भाऊ 1 नोव्हेंबर 2005नंतर शिक्षक झाला, म्हणून त्याला नानांसारखी जुनी पेन्शन योजना लागू झाली नाही. मार्च 2023च्या जुन्या पेन्शनच्या संपात तो होता. घर त्याच्या पाठीशी उभं राहिलं. त्या दिवसांत काकूनंच विचारलं, ‘‘आक्कासाठी संप कोण करणार रे?’’ साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा अजूनही महिना 200 रुपये आहे. भांगलणीच्या बाईलाही एक मालक नसतो, रोज बांध बदलतो. हमालांसाठी जी तोड निघाली, ती तिच्यासाठीही काढायला हवी होती, आणि आजही काढता येईल.