धावा कुणाच्या, जागा कुणाची

मध्य रेल्वेवर मुंबई महापालिकेची हद्द मुलुंडला संपते. मुंबई क्रिकेटची हद्द मात्र पुढे ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ करत आमच्या बदलापूरला येऊन थांबते. पश्चिम रेल्वेवर डहाणू, नवी मुंबईत खारघर आणि इकडे बदलापूर, एवढा मुंबई क्रिकेट असोसिएशनचा मुलूख. एरवी आम्हा बदलापूरकरांना कुणी मुंबईकर म्हणत नाही. नातेवाईकसुद्धा 'इतक्या लांब कसे राहता?' असं विचारतात. पण रणजी करंडकाचा विषय निघाला की आम्ही हक्काने 'आपली मुंबई' म्हणतो, आणि हा हक्क कागदावरही आहे.

माझ्याकडे हे 'आपली मुंबई' अब्बांकडून आलं. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं मुंबईने रणजी जिंकली. त्यातली शेवटची काही वर्षं अब्बांच्या ऐन तरुणपणातली. अंबरनाथला कारखान्यात पाळी करून आले की आधी पेपरातला धावफलक, मग चहा. १९९१ च्या मे महिन्यात वानखेडेवर हरियाणाने अंतिम सामना दोन धावांनी जिंकला. दिलीप वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिला आणि त्याला मैदानावरच रडू फुटलं. तो सामना अब्बांनी मला किती वेळा सांगितला असेल याची मोजदाद नाही. पण सांगताना त्यात तक्रार नसायची. 'सगळे लढले. हरलो. झालं.' एवढंच.

मलाही हरण्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो संघाची यादी वाचताना. गेली पंचवीस वर्षं मी ही यादी एखाद्या लग्नपत्रिकेसारखी वाचत आलोय. कुणाचं नाव आहे, कुणाचं राहिलं, कुणाचं का राहिलं. आणि दर दोन-तीन वर्षांनी असं काहीतरी होतं की ती बाजूला ठेवून खिडकीतून बाहेर बघत बसावं लागतं.

सुरुवात अमोल मुजुमदारपासून करतो. रणजी पदार्पणातच २६० धावा, मुंबईचा कर्णधार म्हणून २००६-०७ चं विजेतेपद, आणि भारताकडून एकही सामना नाही. २००९ मध्ये तो मुंबई सोडून आसामकडे गेला, पुढे आंध्रकडून खेळला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून तोच उभा होता. त्या रात्री आमच्या इमारतीत फटाके वाजले. मला आनंद झाला आणि थोडी चुटपुटही लागली. इतकं क्रिकेट कळणारा माणूस आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये शेवटपर्यंत का नसावा?

मग वसीम जाफर. तो २०१५ मध्ये विदर्भाकडे गेला. मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदं त्याच्या नावावर होती. वय सदतीस. पुष्कळांना वाटलं, झालं आता याचं. मग २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली, २०१८-१९ मध्ये पुन्हा जिंकली, आणि त्या दुसऱ्या हंगामात जाफरने चाळिशी गाठल्यावर हजाराहून अधिक धावा काढल्या. त्यातल्या १७८ नागपूरला मुंबईविरुद्धच होत्या. तो सामना आपण एक डाव आणि १४५ धावांनी हरलो. त्या दिवशी मी लोकलमध्ये मोबाईलवर धावफलक बघत होतो. प्रत्येक चौकाराला आतून 'वाह' निघत होतं आणि ते मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. आपल्याच घरातला मुलगा शेजारच्या अंगणात झेंडा लावतोय, तर टाळ्या वाजवायच्या की कसं?

विदर्भाच्या त्या दोन्ही विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. तेही मुंबईचेच. २०१५-१६ मध्ये त्यांच्याच हाताखाली मुंबईने ४१ वी रणजी जिंकली. पुढच्या वर्षी अंतिम फेरीत गुजरातकडून हार झाली आणि त्यानंतर मुंबईने प्रशिक्षक बदलला. पंडित विदर्भाला गेले, तिथून मध्य प्रदेशला. जून २०२२ मध्ये बंगळुरूला मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली. अंतिम सामन्यात समोर मुंबई होती. सर्फराज खानने त्या सामन्यात शतक काढलं, हंगामात ९८२ धावा केल्या, तरी आपण सहा गडी राखून हरलो.

या प्रत्येकाची कारणं वेगळी होती हे मला मान्य आहे. कुणी स्वतःहून गेलं, कुणाचा करार संपला. दुसरीकडे जाणं हा खेळाडूचा हक्क आहे आणि नव्या पोरांना जागा करून देणं हे संघाचं काम. माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे. चाळिशीकडे झुकलेला फलंदाज पाठवताना आपण त्याच्या पुढच्या धावा मोजतो. पण बावीस वर्षांचा पोरगा समोरच्या टोकाला उभा राहून त्याच्याकडून जे शिकला असता, ते मोजत नाही. विदर्भाने नेमकं तेच मोजलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच विदर्भाने नागपूरला उपांत्य सामन्यात आपल्याला ८० धावांनी हरवलं आणि पुढे करंडकही नेला. तोवर जाफर निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पंडितही तिथे नव्हते. पण जिंकायची सवय लागली होती.

तक्रारीची दुसरी बाजू त्याच हंगामातली. २३ जानेवारी २०२५. बीकेसीच्या मैदानावर मुंबई विरुद्ध जम्मू-काश्मीर. भारतीय संघातल्या खेळाडूंनी देशांतर्गत क्रिकेट खेळलंच पाहिजे असा बोर्डाचा आग्रह नुकताच झाला होता, म्हणून रोहित शर्मा आणि यशस्वी जैस्वाल सलामीला आले. मी रजा टाकून गेलो. बदलापूरहून कुर्ला, तिथून रिक्षा. रणजीच्या सामन्याला एवढी माणसं मी क्वचितच पाहिली असतील. सकाळी पुलवामाच्या उमर नझीरने रोहितला तीनवर काढलं, जैस्वाल चारवर गेला. मुंबई सर्वबाद १२०. अकरा जणांत रोहित, जैस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दुल ठाकूर. म्हणजे भारताकडून खेळलेले सहा जण. सामना तिसऱ्याच दिवशी संपला, जम्मू-काश्मीर पाच गडी राखून जिंकलं. लाज राखली ती शार्दुलने, ५१ आणि ११९. तो पालघरचा. लांबच्या लोकलचा माणूस.

पण मला राहून राहून दिसत होते ते अकरात नसलेले दोघं. एक विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे. त्या हंगामात महाराष्ट्राविरुद्ध १७६ आणि सेनादलाविरुद्ध ११६ काढलेला सलामीवीर. दुसरा सिद्धेश लाड. २०१७ मध्ये मुंबईच्या पाचशेव्या रणजी सामन्यात बडोद्याविरुद्ध २३८ चेंडू खेळून नाबाद ७१ काढणारा आणि सामना वाचवणारा तो हाच. खडूस या शब्दाचा अर्थ कुणी विचारला तर मी ती खेळी सांगतो. मधे गोव्याकडून खेळून तो परत आला होता आणि नोव्हेंबरमध्ये ओडिशाविरुद्ध नाबाद १६९ काढून बसला होता. दोघंही संघात होते, पण अकरात नव्हते. पुढच्याच सामन्यात मेघालयाविरुद्ध रोहित आणि जैस्वाल नव्हते, लाड परतला आणि १४५ काढल्या. मुंबई एक डाव आणि ४५६ धावांनी जिंकली.

तुम्ही म्हणाल, मग काय रोहितला बाहेर बसवायचं? अजिबात नाही. रोहित येऊन रणजी खेळतो हे चांगलंच आहे. काश्मीरच्या पोरांना त्याची विकेट आयुष्यभर पुरेल. पण एका आठवड्यासाठी आलेल्या पाहुण्याला जागा करून देताना घरातला नेमका कोण उठतो, हे बघायला हवं. ज्याने हंगामभर धावा काढल्या तोच उठत असेल, तर धावांना किंमत काय राहिली?

आता चाहत्यांचंही सांगायला हवं, कारण सगळ्या तक्रारी खऱ्या नसतात. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने भंडारी करंडकाच्या शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा काढल्या. रिक्षाचालकाचा मुलगा, आमच्यापासून चार-पाच स्टेशनांवरचा. त्या दिवशी लोकलच्या डब्यात अनोळखी माणसं एकमेकांना ती बातमी सांगत होती. काही महिन्यांनी पश्चिम विभागाचा १६ वर्षांखालचा संघ जाहीर झाला, त्यात प्रणव नव्हता आणि एका बड्या क्रिकेटपटूचा मुलगा होता. मोबाईलवर संतापाचा पूर आला. खरी गोष्ट साधी होती. विभागाचा संघ राज्यांच्या संघांतून निवडतात, आणि मुंबईचा त्या वयोगटाचा संघ प्रणवच्या त्या खेळीआधीच निवडून झाला होता. असल्या अफवांमुळे खऱ्या तक्रारीचं वजनही कमी होतं. म्हणून मी आकडे बघितल्याशिवाय बोलत नाही.

आणि आकडे आपल्या बाजूनेही बोलतात. २०२३-२४ ची ४२ वी रणजी आठवा. बडोद्याविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन आणि अकराव्या क्रमांकाचा तुषार देशपांडे, दोघांनीही शतकं ठोकली. शेवटच्या विकेटसाठी २३२ धावा. तुषार कल्याणचा. नावापेक्षा कामाकडे बघून संघ उभा केला की शेवटचा माणूसही शतक काढतो, हे याच मुंबईने दाखवलंय. म्हणून तर राग येतो. ज्याला जमतच नाही त्याच्यावर कोण रागावेल?

हे सगळं मी का लिहितोय, तर माझ्या भाच्यामुळे. बहिणीचा मुलगा, पंधरा वर्षांचा, डावखुरा फलंदाज. सामना असला की पहाटेची लोकल पकडतो. बदलापूरला गाडी रिकामी मिळते, तरी किटबॅग घेऊन मालडब्यात उभा राहतो, कारण कल्याणनंतर ती बॅग बघून लोक शिव्या घालतात. आझाद मैदानावर सामना असेल तर जाऊन-येऊन साडेतीन तास. गेल्या वर्षी एका निवड चाचणीत त्याने दोन सामन्यांत दोन अर्धशतकं काढली. यादी आली, त्यात नाव नव्हतं. का नव्हतं ते कुणी सांगितलं नाही. पुढे त्याला कळलं की निवडलेल्यांपैकी एकाला तिथे कुणी फलंदाजी करताना पाहिलंच नव्हतं. हे खरं की खोटं, मी शोधत बसलो नाही. पण पोराने त्यातून जे घ्यायचं ते घेतलं.

जम्मू-काश्मीरच्या सामन्यानंतर त्याने मला विचारलं, "मामू, १६९ काढून लाड बाहेर बसतो. मग मी किती काढायचे?"

अब्बा असते तर म्हणाले असते, आणखी काढ. त्यांच्या मुंबईत हे उत्तर पुरेसं होतं, कारण धावा काढल्या की जागा मिळते यावर शेवटच्या स्टेशनावरच्या माणसाचाही विश्वास होता. त्याच्याकडे ओळख नसते, अकादमीची फी नसते, मैदानाशेजारी घर नसतं. धावफलक तेवढा असतो. तोच खोटा ठरला तर तो पहाटेच्या लोकलला कशासाठी जाईल?

मी निवड समितीकडे कुणाचं नाव मागत नाही. ज्याने धावा काढल्या आणि तरी ज्याला बसवलं, त्याला बोलावून कारण सांगावं. मग तो रणजीचा असो की पंधरा वर्षांचा. यासाठी पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात.

भाच्याला मी लाडची पुढची गोष्ट सांगितली. गोव्याहून परत आला, बत्तिसाव्या वर्षी १६९ काढल्या, बाहेर बसला, कुरकुरला नाही, आला आणि १४५ काढल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बॅटच्या दांड्यावर नवी ग्रिप चढवता चढवता म्हणाला, "पण मामू, त्याला का बसवलं ते त्याला कुणी सांगितलं होतं का?"